कथाचित्रकाराची बाराखडी

वात्स्यायनाने चौसष्ट कलांची जी यादी दिली आहे, तीत गीत, वाद्य आणि नृत्य यांच्या पाठोपाठ चौथे स्थान आलेख्यास, म्हणजे चित्रकलेस, दिलेले आहे. या चौघींपैकी पहिल्या तिघींना आपल्या सुशिक्षित कुटुंबांत आता मानाचे पान मिळू लागले आहे. मुलगी गाण्याच्या परीक्षा देते, मुलगा तबल्यावर हात बसवितो, धाकटी नात नृत्याच्या वर्गास जाते, आणि आलेल्या पाहुण्यास हे सर्व कौतुकाने सांगितले जाते. चौथीची गोष्ट मात्र निराळी. मुलांनी शाळेत असता एलिमेंटरी व इंटरमीजिएट या परीक्षा द्याव्या, त्यांत वरची श्रेणी मिळवावी, येथपर्यंत कोणाची हरकत नसते. परंतु बारावीस उत्तम गुण मिळविलेल्या मुलाने ‘मला चित्रकलेच्या महाविद्यालयात जावयाचे आहे’ असे म्हणताच माजघरापासून दिवाणखान्यापर्यंत स्तब्धता पसरते. आजोबा चष्मा पुसू लागतात, आई वडिलांकडे पाहते, आणि बहुधा एखादे काका तोंड उघडतात : ‘तेथे शिकवितात तरी काय? ज्याला चित्र येते त्याला ते येतेच. ज्याला येत नाही त्याला चार वर्षे शिकवूनही येत नाही.’

काकांचा हा आक्षेप रागाने झटकून टाकण्याजोगा नाही. गळा जसा जन्मतः असावा लागतो, तसाच हातही असावा लागतो, अशी आपली समजूत आहे. आणि तीत थोडे तथ्यही आहे. परंतु अशा वर्गात जे शिकवितात ते मुख्यतः हाताला शिकवीत नाहीत. आमच्या घरातील एक नात मुंबईच्या एका कलामहाविद्यालयात शिकत असून, कथाचित्र म्हणजे ज्याला तेथे ‘इलस्ट्रेशन’ म्हणतात, तो तिचा विषय आहे. गेली दोन वर्षे तिच्या वह्या, रद्द केलेले कागद आणि त्यांवरील गुरुजनांचे शेरे मी एखाद्या टीकाग्रंथासारखे वाचीत आलो आहे. त्या आधारे, आणि पूर्वी वाचलेल्या चार गोष्टींच्या आधारे, काकांच्या प्रश्नाचे उत्तर येथे देत आहे.

आपल्या प्रांतात या शिक्षणास फार जुनी परंपरा आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ साली एक लक्ष रुपयांची देणगी दिली आणि १८५७ मध्ये मुंबईस त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. १९३५ साली तेथे जाहिरात-कलेचा विभाग निघाला. १९६१ साली त्यास उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था हे रूप आले. पुस्तकांची, मासिकांची, पाठ्यपुस्तकांची चित्रे काढणारे अनेक हात या दोन ठिकाणी तयार झाले. दीनानाथ दलाल तेथलेच. तेव्हा हे शास्त्र कालपरवाचे नव्हे.

पहिला पाठ तांब्याचा. तुमच्या आमच्या देवघरातील साधा तांब्या मेजावर ठेवून विद्यार्थ्यांस तो काढावयास सांगतात. वाचकांनी कागद घेऊन हा प्रयोग घरी करून पाहावा. बहुतेक जण तांब्याचे तोंड जवळजवळ पूर्ण वर्तुळ काढतात आणि बूड सरळ रेषेने संपवितात. कारण उघड आहे. तोंड वाटोळे आहे हे मनाला ठाऊक असते, आणि तांब्या सपाट मेजावर टेकला आहे हेही ठाऊक असते. डोळ्यांना मात्र या दोहोंपैकी एकही दिसत नसते. बसलेल्या माणसाला ते तोंड चपटे लंबवर्तुळ दिसते आणि बुडाची कडा खाली वाकलेली कमान दिसते. तांब्या डोळ्यांच्या रेषेपर्यंत उचलला की तोंडाचे लंबवर्तुळ मिटून नुसती रेषा उरते, आणि जमिनीवर ठेवून वरून पाहिले तर ते उघडत उघडत वर्तुळाकडे जाते. एकाच तांब्याला इतकी तोंडे असतात. ठाऊक असलेले बाजूला सारून दिसत असलेले काढणे, एवढी एक गोष्ट साधण्यात विद्यार्थ्यांचे पहिले सहा महिने जातात. आमच्या नातीच्या वहीत पहिल्या सत्रात तांब्या, उशी, जोडे, छत्री आणि अर्धवट सोललेले केळे यांखेरीज काही नव्हते. तिच्या आजीस ते पाहून फी व्यर्थ गेल्यासारखे वाटले. परंतु न्यायशास्त्र शिकलेला मनुष्य येथे सावध होतो. प्रत्यक्ष आणि अनुमान यांची गल्लत होऊ न देणे हाच तर हा पाठ! तर्कसंग्रहाच्या पोथीत जो भेद आपण पाठ करतो, तो ही मुले पेन्सिलीने करतात.

यापुढचा पाठ यथार्थदर्शनाचा. रेल्वेचे रूळ दूर जाऊन एका बिंदूत मिळताना दिसतात, आणि तो बिंदू नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरच असतो, हे त्याचे सूत्र. मूल बसून पाहील तर क्षितिज खाली येते, गच्चीवरून पाहील तर वर जाते. यात भूमितीचा भाग पुष्कळ असून तो पुस्तकात मिळतो, म्हणून येथे विस्तार करीत नाही. एवढेच सांगतो की, या सूत्रामुळे चित्र कोणाच्या डोळ्यांनी पाहिले जात आहे हे ठरविता येते, आणि कथाचित्रात या ठरविण्याचे महत्त्व किती, ते पुढे दिसेल.

माणसाच्या शरीराचे माप शिकविताना हल्ली डोके हा एकक धरतात. प्रौढ मनुष्य सुमारे साडेसात डोक्यांइतका उंच. आपल्या विष्णुधर्मोत्तरात पुरुषांचे पाच प्रकार सांगितले असून त्यांतील हंस हा १०८ अंगुळे, म्हणजे बारा अंगुळांचा एक ताल धरल्यास नऊ ताल उंच आहे. नऊ आणि साडेसात यांत मोठी तफावत दिसते. पण ताल हे संपूर्ण डोक्याचे माप नव्हे, केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतच्या मुखाचे आहे, हे लक्षात घेतले की ही तफावत बव्हंशी नाहीशी होते. दोघांनीही माणसाकडे नीट पाहिले होते, इतकाच त्याचा अर्थ. मुलांच्या बाबतीत तर मापाची फारच गरज. नवजात अर्भकाचे डोके त्याच्या उंचीच्या चतुर्थांशाइतके असते. हे न जाणणारा चित्रकार बाळकृष्ण काढतो तेव्हा तो लहान मूल न होता ठेंगणा गृहस्थ होतो. अशी कितीतरी गृहस्थ बाळे आपल्या भिंतींवर लोणी खात बसलेली आहेत.

पण माप पाठ केलेला माणूस पुतळा काढतो. माणूस हलतो कसा, हे वर्गाबाहेर शिकावे लागते. म्हणून द्रुतरेखनाच्या वह्या. एका आकृतीस एक किंवा दोन मिनिटे. मुंबईची मुले बोरीबंदरावर, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, जाऊन बसतात, पुण्याची मंडईत, नाशिकची रामकुंडावर. डोक्यावर गाठोडे घेतलेली बाई एका पायावर भार टाकून उभी राहते तेव्हा तिची कंबर एकीकडे आणि खांदा दुसरीकडे का झुकतो, हे दोन मिनिटांत टिपावयाचे असते; चेहरा, दागिने, लुगड्याचे काठ यांस वेळच उरत नाही. चित्रसूत्रात मार्कंडेय मुनी वज्र राजास सांगतात की नृत्यशास्त्र जाणल्यावाचून चित्रशास्त्र कळावयाचे नाही. स्टेशनवर बसलेली ही मुले त्याच वचनाचे भाष्य लिहीत असतात, मग त्यांस ते ठाऊक असो वा नसो.

नक्कल करण्याविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आहेत. कोणी तिला चोरी समजतात, तर कोणी तिलाच कला समजतात. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना अजिंठ्यास नेऊन लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करविल्या. अंधाऱ्या गुंफांत, ओल आणि वटवाघळे यांच्या संगतीत त्या मुलांनी काढलेल्या चित्रांपैकी पुष्कळशी लंडनला ठेवलेली असता आगीत जळाली, ही मोठीच हानी. तथापि त्या नकलांच्या आधारे ग्रिफिथ्स यांनी १८९६–९७ मध्ये दोन खंड प्रसिद्ध केले. ज्या हाताने अजिंठ्याच्या एका बोटाची वळणदार रेषा दहा वेळा गिरविली, त्या हाताला रेषेचा अर्थ कळतो. मोरोपंतांच्या आर्या पाठ करणाऱ्याला वृत्त कळते तसेच हे. पुढे स्वतःची आर्या रचावी लागते, ही गोष्ट वेगळी.

आता मुख्य विषयाकडे येतो. तांब्या, माणूस, घर आणि रस्ता काढावयास आले म्हणजे चित्रकार झाला, कथाचित्रकार नव्हे. नातीच्या वर्गास गेल्या श्रावणात एक पाठ दिला होता, तो सविस्तर सांगण्यासारखा आहे. विषय होता सोमवारची खुलभर दुधाची कहाणी. कहाणी वाचकांच्या घरोघर माहीत आहे. राजाने महादेवाचा गाभारा दुधाने भरावा म्हणून गावातील सर्व दूध देवळात आणण्याची आज्ञा केली. लोकांनी पोराबाळांना, वासरांना न देता सगळे दूध ओतले, तरी गाभारा भरेना. एका म्हातारीने घरच्या सर्वांना तृप्त करून, वासरांना पाजून, उरलेले खुलभर दूध आणून वाहिले, आणि गाभारा भरला. या कहाणीस एकच चित्र काढावयाचे, आणि त्याआधी काडेपेटीएवढ्या आकाराचे वीस कच्चे आराखडे करावयाचे, अशी अट होती.

बहुतेक मुलांनी पहिल्या झटक्यास काय काढले असेल? दुधाने काठोकाठ भरलेला गाभारा, हात जोडलेली म्हातारी, आणि चकित झालेला राजा. अध्यापकांनी सर्वांस एकच प्रश्न विचारला : ‘गाभारा भरला, हे शब्दांनीच सांगितले आहे. मग तुमचे चित्र काय सांगते?’ या प्रश्नात कथाचित्रणाचे अर्धे शास्त्र आहे. जे वाक्याने पूर्ण सांगितले तेच चित्राने पुन्हा सांगणे म्हणजे पुनरुक्तिदोष. आणि जे वाक्यात मुळीच नाही ते घुसडणे म्हणजे अप्रस्तुतप्रसंग. या दोन दोषांमध्ये जी चिंचोळी वाट आहे, तिच्यावरून कथाचित्रकाराने चालावयाचे असते. शब्दांनी ज्याचा उच्चार केला पण ज्यावर ते थांबले नाहीत, तेथे त्याने थांबावयाचे.

आमच्या नातीच्या आराखड्यांत सातवा आणि सोळावा हे दोन मला विशेष वाटले. सातव्यात पहाटेचा गोठा आहे. दाव्याला बांधलेले वासरू दाराकडे पाहत आहे, आणि दारातून घागर घेऊन जाणाऱ्या माणसाचे केवळ पाय दिसत आहेत. ते पाय राजाच्या शिपायाचे की घरच्या यजमानाचे, हे चित्र सांगत नाही. क्षितिजरेषा वासराच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे. म्हणजे सारे दृश्य आपण वासराच्या जागेवरून पाहतो. यथार्थदर्शनाचा तो रुक्ष पाठ येथे असा कामास आला. राजाची भक्ती कोठे चुकली, हे त्या रिकाम्या गोठ्यात एकही अश्रू न काढता कळते.

सोळाव्यात देवळाचे आवार आहे. पुढच्या बाजूस मोठमोठ्या घागरी, हंडे, कळशा यांची दाटी, त्यांवर काळ्या छायांचे थर. आणि दूर वरच्या कोपऱ्यात, पायऱ्यांवर, नखाएवढी म्हातारी. कथेत जी सर्वांत मोठी, ती चित्रात सर्वांत लहान. मी तिला विचारले, ‘अगं, एवढीशी काढलीस, ती दिसणार कशी?’ ती म्हणाली, ‘आजोबा, तुम्हाला आधी काय दिसलं?’ आणि खरोखर माझी नजर प्रथम त्या म्हातारीवरच गेली होती. तिच्याभोवतीचा कागद कोरा सोडलेला होता. सर्वत्र काळोख आणि गर्दी असता जेथे मोकळा पांढरा अवकाश असतो, तेथे डोळा आपोआप जातो; घागरींच्या तोंडांच्या कडाही तिकडेच वळविलेल्या होत्या. आकाराने मोठेपणा सांगता येतो तसा अवकाशानेही सांगता येतो, हे मूलतत्त्व तिने अशा रीतीने आत्मसात केले होते. अध्यापकांनी अखेर सातवा आराखडा पूर्ण करावयास सांगितला. माझे मत सोळाव्याकडे होते आणि अद्यापि आहे.

योगायोगाने याच कहाण्यांचे एक जुने सचित्र पुस्तक आहे. किंकेड नावाच्या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने आपल्या व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत सांगून १९१४ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याची चित्रे रावबहादुर धुरंधर यांची आहेत. महादेव विश्वनाथ धुरंधर हे कोल्हापूरचे. १८९० साली ते कलाशाळेत विद्यार्थी म्हणून आले आणि पुढे तेथेच अध्यापक झाले; ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे १९४० साली निघालेले आत्मवृत्त ज्या घरात कलाशिक्षणाचा प्रश्न उपस्थित झाला असेल तेथे अवश्य वाचले जावे. धुरंधरांच्या स्त्रिया पाहाव्या. नऊवारीचा कासोटा कोठे ताणतो, पदर कोठे सैल पडतो, ओझे घेतलेली बाई कशी चालते, हे त्यांनी असंख्य वेळा पाहून काढले आहे. त्यांच्या चित्रांतील जुन्या महाराष्ट्राचा पेहराव आज संशोधकांस पुराव्यासारखा उपयोगी पडतो.

पुराव्याचे हे बंधन वर्गात फार कटाक्षाने शिकवितात. पेशवाईतील स्वयंपाकघर काढावयाचे तर चूल कशी, पाट कसे, भिंतीतील कोनाडा कसा, याची टिपणे आधी दाखवावी लागतात. याचे थोर उदाहरण पुण्यासच आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीमागे १९१८ साली औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेले एक लक्ष रुपयांचे आश्वासन होते, आणि त्यांची इच्छा ती आवृत्ती सचित्र असावी अशी होती. स्वतः चित्रकार असलेल्या या राजाने तिच्यासाठी जी चित्रे केली, ती प्राचीन नमुन्यांच्या आधारे. ज्या ग्रंथात एकेका अक्षरासाठी हस्तलिखिते ताडून पाहिली गेली, त्यात द्रौपदीस पारशी नाटक मंडळीचा पोशाख चालला नसता!

काय वगळावे, याविषयी मात्र मला कालिदासाहून चांगला अध्यापक ठाऊक नाही. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात दुष्यंत आपण काढलेल्या शकुंतलेच्या चित्रात अजून काय काढावयाचे राहिले आहे ते सांगतो. मालिनी नदी, तिच्या वाळूत बसलेली हंसांची जोडी, हिमालयाच्या पायथ्याचे उतार, वल्कले टांगलेला वृक्ष, आणि काळविटाच्या शिंगावर डोळा घासणारी हरिणी. या थोड्या वस्तूंत तपोवनाची शांती, विश्वास आणि प्रीती ही सर्व आली. शेवटची हरिणी तर राजाच्या पश्चात्तापाचे भाष्यच होय. कारण ज्याच्या शिंगाशी डोळा न्यावा इतका विश्वास एकीने त्याच्यावरही टाकला होता. विदूषकाला मात्र वाटते की राजा आता लांबलांब दाढ्यांच्या तापसांनी फळा भरून टाकणार. प्रत्येक वर्गात असे विदूषक पहिल्या वर्षी बहुसंख्य असतात. मोकळी जागा दिसली की ते तीत एक झाड, दोन पक्षी व एक ढग काढतात. पहिले वर्ष संपता संपता दाढ्या कमी होऊ लागतात.

यशोधराने कामसूत्राच्या टीकेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. रंगाचे अंग तेथे शेवटी आले आहे, आणि या वर्गातही रंग उशिराच येतो. आपण घरी वाढदिवसास मुलाला प्रथम रंगांचीच पेटी देतो.

छपाईविषयी दोन शब्द पुरेत. ठशांच्या काळात रेषाचित्राचा ठसा स्वस्त पडे; छायाचित्रासारख्या छटा हव्या असल्यास जाळीचा ठसा करावा लागे, आणि खरखरीत कागदावर इंचाला ६५ रेषांची जाळी घेतली की बारीक छटा नाहीशा होत. म्हणून जुन्या मासिकांतील चित्रकार शाईच्या ठाम रेषेवर भिस्त ठेवीत. ते ठसे गेले. परंतु आपले चित्र कोणत्या कागदावर वा पडद्यावर, किती आकारात दिसणार, याचा विचार आधी करावयाची शिस्त शिकविणे चालूच आहे.

आता काकांचा दुसरा प्रश्न. २०२२ पासून, चार शब्द सांगताच चित्र तयार करून देणारी संगणकीय साधने सर्वांच्या हाती आली आहेत. मग हे कष्ट कशासाठी? या प्रश्नाला गोड उत्तर देणे मला अप्रामाणिक वाटते. पाकिटावरचे फूल, पत्रिकेवरचा गणपती, मजकुराशेजारची रिकामी जागा भरणारे चित्र, अशी किरकोळ कामे या शिक्षणाच्या आरंभी पोटापुरते देत असत. ती कमी होतील असाच माझा अंदाज आहे, आणि ज्या घराची सर्व भिस्त एका मुलाच्या कमाईवर आहे त्याने याचा हिशेब केलाच पाहिजे. परंतु खुलभर दुधाचे चित्र यंत्राकडून करून घ्यावयाचे म्हटले, तरी ते गोठ्यातून पाहावयाचे की गाभाऱ्यातून, हे कोणास तरी आधी सुचावे लागते. ज्याने वीस आराखडे केलेले नाहीत, तो पहिल्याच चित्रावर, म्हणजे काठोकाठ भरलेल्या गाभाऱ्यावर, संतुष्ट होतो.

ज्या घरी हा विचार चालू असेल त्यांच्या माहितीसाठी : महाराष्ट्रात चार वर्षांच्या पदवीस प्रवेश बारावीनंतर मिळतो; शाखा कोणतीही चालते; त्यासाठी शासनाची सामायिक प्रवेशपरीक्षा असते आणि तीत वस्तुचित्र, स्मरणचित्र व संकल्पचित्र हाताने काढून दाखवावी लागतात. तयारीस महागडे साहित्य नको. २बी आणि ४बी या दोन पेन्सिली, स्वस्त कागदाची जाड वही आणि देवघरातला तांब्या एवढ्यावर आरंभ होतो. खोडरबर पहिले सहा महिने मोठ्यांनी आपल्याकडे ठेवावे.